हडकुळी कंपनीत रुजू झाली

समजा, तुम्हाला तुमच्या साहेबांना मारायचं आहे. चार ओळींत, यमक जुळवून. साहेब समोरच बसलेले असणार, हातात गरम चॉकलेटचा पेला आणि सणाचा गोड पाव. तुम्ही उभं राहून मोठ्यानं वाचणार, की मृत्यू आपल्या ऑफिसात आला, त्यानं साहेबांची अमुक एक खोड पाहिली आणि साहेबांना खांद्यावर टाकून नेलं. लोक हसले पाहिजेत. साहेब सगळ्यांत जास्त हसले पाहिजेत. आणि सोमवारी तुमची खुर्ची जागेवर असली पाहिजे. करून बघा एकदा. पहिली ओळ सुचेपर्यंत चहा गार होतो, आणि दुसरी सुचली की ती खोडावीशी वाटते.

मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात, आमच्या ऑफिसात, फिदेन्सियो ओलगीन हे काम एकवीस वर्षं करत होता. या ओळींना आम्ही कालावेरिता म्हणतो, म्हणजे छोटीशी कवटी. मेलेल्यांच्या सणाला मेलेल्यांना जेवायला बोलवायचं आणि जिवंतांना मारायचं, अशी आमची साधी रीत. मृत्यू आमच्याकडे बाई आहे. सडपातळ, हाडं वाजवत येणारी. कोणी तिला काही म्हणतं, कोणी काही. फिदेन्सियो तिला हडकुळी म्हणायचा, जणू ती त्याच्या गल्लीतली, रोज जाता-येता दिसणारी कोणी असावी.

आमची कंपनी लिफ्टची. बसवायच्या, तेलपाणी करायचं, अडकल्या की सोडवायच्या. फिदेन्सियो आधी मेकॅनिक होता. गुडघा चेमटला तेव्हा त्याला टेबलावर आणून बसवलं आणि अडकलेल्यांचा फोन त्याच्याकडे दिला. शहरातल्या आमच्या कुठल्याही लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की घंटी फिदेन्सियोच्या टेबलावर वाजायची. हातानं काम करणाऱ्या जुन्या माणसाला आम्ही मानानं मास्तर म्हणतो, म्हणून तोही मास्तर.

मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मी मास्तरांच्या शेजारच्या टेबलावर होते. नवी कोरी इंजिनियर, तीन रंगांची पेनं घेऊन आलेली. घंटी वाजली. पलीकडे एक बाई, आवाज कापरा. लिफ्ट पडेल का, असं तिनं विचारलं. मास्तरांनी आवाजात काहीही चढउतार न करता सांगितलं, की बाई, अठ्ठावीस वर्षांत माझी एकही लिफ्ट पडलेली नाही, आणि आज पहिली पडायची तर मी एवढा निवांत बसलो नसतो. कुणाकडे निघाला होतात?

बाई म्हणाली, "सासूबाईंकडे."

"मग घाई नाही. मेकॅनिकला जेवण आटोपू देतो."

पलीकडून त्या बाईचं हसू आलं, हुंदक्यासकट. मेकॅनिक तिबुर्सियो मात्र एव्हाना जिना चढत होता. त्याला जेवायला कोणी पाठवलं नव्हतं. मास्तर स्वतः हसले नाहीत. ते कधीच हसायचे नाहीत. त्यांचा चेहरा बंद खिडकीसारखा असायचा आणि सगळी गंमत त्या खिडकीच्या आत चाललेली असायची.

कालावेरितांचंही तसंच. ऑक्टोबर लागला की लोक मास्तरांच्या टेबलाजवळ घोटाळायचे. मला काय करून मारताय या वर्षी? रिसेप्शनवरची ओब्दुलिया रूहिल कोणाला वहीत सही केल्याशिवाय आत सोडत नाही, मालकाच्या बायकोलाही नाही. तिला त्यांनी असं मारलं होतं, किंवा मारायचं राहून गेलं होतं:

दारात आली हडकुळी, खांद्यावरती कोयता,
ओब्दुलिया म्हणे, "ओळखपत्र? अहो, कुठे निघता?"
खिसे सगळे चाचपून बाई लाजून मागे फिरली,
नियम तो नियम शेवटी, ओब्दुलिया उरली.

हा कागद ओब्दुलियानं काच बसवून भिंतीला लावला आहे, शेजारी मुलीच्या लग्नाचा फोटो. एका वर्षी सफाईवाल्या क्लेओफासबाईंचं नाव मास्तरांकडून राहिलं. त्या तीन महिने अख्खं ऑफिस पुसत होत्या आणि मास्तरांच्या टेबलाखालचा चौकोन तेवढा कोरडा सोडत होत्या. मला का नाही मारलंत, असं त्यांनी शेवटी विचारलं आणि रडल्या. मारलं नाही म्हणजे मोजलं नाही. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही.

फक्त एकाच प्रकारच्या माणसाला कालावेरितातून वगळायचं असतं. जो खरोखरच चालला आहे, त्याला. त्याची थट्टा करू नये, हे कोणी शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं. आमचे जुने मालक अरिस्पेसाहेब आजारी पडले, त्या वर्षी घरच्यांनी त्यांच्यापासून आजार लपवला होता. अल्सर आहे म्हणून सांगितलं होतं. मास्तरांना खरं माहीत होतं, म्हणून त्यांनी साहेबांना वगळलं. साहेबांनी सगळ्या कालावेरिता वाचून घेतल्या, शेवटचं पान उलटं करून पाहिलं, आणि मास्तरांना बोलावून एवढंच म्हणाले, "म्हणजे अल्सर नाही तर."

डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, बायकोनं सांगितलं नव्हतं, कालावेरितानं सांगितलं. ही गोष्ट मास्तरांनी मला तोवर दोनदा सांगितली होती, आणि दोन्ही वेळा सांगून झाल्यावर उगीचच फोनचा रिसीव्हर उचलून परत ठेवला.

अरिस्पेसाहेब गेले, मुलांनी कंपनी विकली. ज्यांनी घेतली ते मोठे लोक. कुठले म्हणाल तर कुठलेच नाहीत. त्यांचं मुख्य ऑफिस म्हणजे संगणकावरच्या बैठकीत बोलणाऱ्याच्या पाठीमागे दिसणारं पांढरं कपाट. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला कळवलं की आपण आता कुटुंब आहोत. आम्ही घाबरलो. कुटुंबात काय काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मग नवे संचालक आले, ओस्वाल्दो बेर्लांगा. माणूस वाईट नाही, पण त्यांना पान दिसलं की सरकवायची सवय; भिंतीवर सादरीकरण लावलं की ते चाळीस पानांच्या आत माणूस सोडत नाहीत. आणि आमच्या पेर्ला इतुर्बे मॅडम, ज्या आधी रजेचे अर्ज बघायच्या, त्या आनंद व्यवस्थापक झाल्या. खोली तीच, टेबल तेच, दारावरची पाटी पिवळी.

आनंद मोजायला यंत्र बसलं. संध्याकाळी निघताना दारात तीन बटणं: हिरवा हसरा चेहरा, पिवळा मधला, लाल रडका. कार्ड लावायचं आणि आजचा दिवस कसा गेला ते दाबायचं. सगळे हिरवं दाबायचे. कोणाला बस गाठायची होती. मास्तर रोज पिवळं दाबायचे. त्यांचं म्हणणं, हिरवं लग्नकार्याला, लाल मयताला. मंगळवार हा मंगळवारच असतो.

पुढे फोनवर बोलायचा मजकूर छापून आला. लिफ्टमध्ये माणूस अडकला की म्हणायचं, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो, आपला विश्वास हीच आमची उंची." मास्तरांनी तो इमानेइतबारे एकदा वाचला. पलीकडच्या माणसानं विचारलं की तू यंत्र आहेस की माणूस? मास्तर म्हणाले, सकाळपर्यंत माणूस होतो. फोन ध्वनिमुद्रित होत होता. पाच गुण गेले.

आणि मग ती हास्याची कार्यशाळा. राजधानीतून एक बाई लाल नाक लावून आल्या. आम्ही पन्नास माणसं गोल उभी राहिलो आणि घड्याळ लावून तीन मिनिटं हसलो. पोट धरून, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, हा हा, हो हो. ओब्दुलियाला खोकला लागला. तिबुर्सियो एवढा मोठ्यानं हसत होता की त्याचं लक्ष घड्याळाकडे आहे हे कोणाला कळू नये. मास्तर हात बांधून उभे होते. लाल नाकाच्या बाईंनी विचारलं, "सर, आपण का नाही हसत?"

"विनोद झाला की सांगा. मी तयारच आहे."

तेव्हा आम्ही हसलो. खरं, न ठरवता, भिंतीला धरून. लाल नाकाच्या बाईंनाही नाक काढून डोळे पुसावे लागले. पंधरवड्यानं निकाल लागला. आम्हा सगळ्यांना आनंदात पाचपैकी पाच. फिदेन्सियो ओलगीन, पाचपैकी दोन, सहभाग नाही.

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्या आकड्यांना दात होते. तिमाहीला गुण, आणि लागोपाठ तीन तिमाही लाल आले की माणूस कंपनीच्या संस्कृतीला अनुरूप नाही, असा शेरा. शेऱ्यानंतर काय होतं ते कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नव्हतं म्हणूनच सगळ्यांना माहीत होतं. मास्तर सत्तावन्न वर्षांचे. साठीला पेन्शन. या वयाच्या, एका गुडघ्याच्या माणसाला बाहेर कोण उभं करणार? त्यांना फक्त तीन वर्षं काढायची होती. त्यांचे दोन लाल झाले होते.

आणि त्यांनी खरंच प्रयत्न केला. मला लाज वाटते सांगायला, पण मी ते पाहिलं आहे. लिफ्टच्या आरशात ते हसण्याचा सराव करायचे. वरचा ओठ उचलायचा, तसाच धरून ठेवायचा, तिसऱ्या मजल्याला सोडायचा. एक आठवडा त्यांनी हिरवं बटण दाबलं. ओब्दुलियानं मला बाजूला घेऊन विचारलं, मास्तरांना काही झालंय का, डॉक्टरकडे नेऊ या का.

ऑक्टोबरात पेर्ला मॅडमनी मास्तरांना बोलावलं. या वर्षी कालावेरितांची रंगीत पुस्तिका निघणार, प्रत्येकाच्या फोटोसकट, नव्या वर्षात सगळ्यांना वाटायला. तुम्ही छान लिहा, मास्तर, सकारात्मक लिहा, मी तुमचा आनंद वर नेते, हिरव्यापर्यंत नेते. हे त्या मनापासून बोलल्या, असं मास्तरच म्हणाले. पेर्ला मॅडम सान हुआन देल रिओ गावच्या, पावभट्टीवाल्याची मुलगी. अजूनही सणाचा पाव त्यांना बोटानं दाबून कळतो, कालचा की आजचा.

मास्तरांनी लिहिलं. ते एका तीन जणांच्या समितीकडे गेलं. समितीनं पहिली सूचना केली की मृत्यू हा शब्द जड वाटतो, त्याऐवजी 'बदल' वापरता येईल का? मास्तरांनी विचारलं, कोयता ठेवायचा की तोही बदलायचा? शेवटी हडकुळी राहिली, पण तिनं कोणाला न्यायचं नाही, यावर तडजोड झाली. बेर्लांगा साहेबांवरची कालावेरिता मूळ अशी होती:

ओस्वाल्दो साहेब म्हणाले, "हडकुळीबाई, बसा,
सादरीकरण पाहून घ्या, मग काय ते पुसा."
चाळिसाव्या पानावरती तिने हात जोडले,
"मलाच न्या हो कोणीतरी," म्हणत प्राण सोडले.

ती परत आली तेव्हा समितीनं स्वतःच्या हातानं खालच्या दोन ओळी दुरुस्त केल्या होत्या. पानं चाळीस होती ती चार झाली होती.

चौथ्याच पानावरती बाई इतकी प्रेरित झाली,
कोयता टाकून कोपऱ्यात कंपनीत रुजू झाली.

मास्तरांनी तो कागद बराच वेळ वाचला. मग माझ्याकडे सरकवला. मला म्हणाले, "इंजिनियरबाई, एकवीस वर्षांत एवढी चांगली ओळ मला सुचली नाही."

पुस्तिका लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला संगणक येतो, म्हणजे छापखान्याचं सगळं येणारच, असा समज. मॅडमनी नावांची यादी पाठवली. मी फोटो जुळवायला बसले. फोटो एक्कावन्न, नावं त्रेचाळीस. मी दोन वेळा मोजलं, मग दोन्ही याद्या शेजारी लावून संगणकाला मोजायला लावलं. आठ फोटो उरले. त्यात तिबुर्सियो होता, क्लेओफासबाई होत्या, वर्कशॉपचे चौघे, गोदामातला एक. आणि मास्तर. मास्तरांचं नाव नसणं नेहमीचंच होतं. लिहिणारा स्वतःला मारत नाही. पण मग उरलेल्या सातांचं काय?

मास्तर म्हणाले, विसरल्या असतील, आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेले. पाच मिनिटांत परत आले. त्यांनी सातही नावं वाचून दाखवली होती, म्हणाले होते की माझ्याकडे यांच्या ओळी तयारच आहेत, घालतो. मॅडम म्हणाल्या होत्या, नको, या वर्षी एवढ्याच. आणि पाटीसारखं पिवळं हसल्या होत्या.

"विसरलेला माणूस नाव ऐकल्यावर 'अरे हो' म्हणतो," मास्तर मला म्हणाले. "ह्या 'नको' म्हणाल्या."

मी म्हटलं, त्याचा अर्थ काय?

त्यांनी अरिस्पेसाहेबांची गोष्ट सांगितली. ती तिसरी वेळ. मग म्हणाले, बाई चांगल्या घरातली आहे. जाणाऱ्यांची थट्टा होऊ नये म्हणून तिनं त्यांची नावं काढली. दुसऱ्या कुठल्याही देशातल्या साहेबानं पन्नासच्या पन्नास नावं दिली असती, आणि आपल्याला काही कळलं नसतं.

मी विचारलं, आणि तुमचं नाव? ते म्हणाले, माझं कधीच नसतं. बोलताना त्यांनी रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला.

मेक्सिकोत माणसाला कसं काढतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोमवारी सकाळी खोलीत बोलावतात, दार लावून घेतात, पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि एक कागद सरकवतात. त्यावर लिहिलेलं असतं की मी स्वखुशीनं राजीनामा देत आहे. माणूस आधीच गांगरलेला, वर साहेब प्रेमानं पेन देतो. सही केली की हक्काचं सगळं गेलं. सही न करायला एकच गोष्ट लागते: आधी माहीत असणं.

मास्तरांपुढे सरळ हिशेब होता. मंजूर झालेल्या ओळी वाचायच्या, आनंद हिरवा करून घ्यायचा, तीन वर्षं काढायची. त्यांचं नाव नसण्याचं कारण कदाचित नेहमीचंच असेल. मी त्यांना म्हणाले की तुम्ही त्या सातांना गुपचूप जाऊन सांगा, वाचायला कशाला हवं? ते म्हणाले, तिबुर्सियोला गुपचूप सांगितलं तर तो म्हणेल मास्तर थट्टा करतायत. थट्टेत सांगितलं तरच त्याचा विश्वास बसेल.

एकतीस ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी एक. वेदी मांडली होती. मेलेल्यांच्या वेदीला झेंडू लागतो, भगवा, वास येणारा, त्या वासानं मेलेल्यांना वाट सापडते म्हणतात. कंपनीचा रंग निळा, म्हणून झेंडूही निळे, कागदाचे. वर अरिस्पेसाहेबांचा फोटो, आणि खाली त्यांच्या आवडत्या सिगारेटीऐवजी कंपनीची पाच मूल्यं. साहेबांना वाट सापडली असेल असं मला वाटत नाही.

मास्तर वाचायला उभे राहिले. नवा शर्ट, दुखऱ्या गुडघ्यावरचा भार दुसऱ्या पायावर. मंजूर ओळी त्यांनी एकामागून एक वाचल्या. लोक हसत होते, थोडे हसल्यासारखे करत होते. साहेबांवरची आली, हडकुळी चौथ्या पानावर प्रेरित झाली आणि रुजू झाली. बेर्लांगा साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पेर्ला मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला. तिथे पुस्तिका संपत होती. मास्तरांनी खिशातून दुसरा कागद काढला, त्याच आवाजात पुढे वाचत राहिले.

रुजू झाली हडकुळी, मिळाली तिला खुर्ची,
पहिल्या दिवशी हाती आली यादी थेट वरची.
नावं तिथे त्रेचाळीस, माणसं एक्कावन्न,
मोजून मोजून हाडं झिजली, झाली बाई सन्न.

"मी नेते त्याच्या दारावरती आधी देते थाप,
न सांगता उचलायचं हे माझ्याकडून पाप."
आठ जणांची नावं घेऊन निघाली ती दारोदार,
"सोमवारी कागद आला, तर सही करू नका यार."

मग सात जणांच्या कालावेरिता. तिबुर्सियोच्या ओळीत हडकुळी त्याच्याबरोबर लिफ्टच्या विहिरीत उतरते आणि त्यानं तीस वर्षांत खाली पाडलेले स्क्रू-ड्रायव्हर मोजता मोजता दमते. क्लेओफासबाईंच्या ओळीत ती ओल्या फरशीवर घसरून पडते आणि बाई म्हणतात, आधी पाय पुसायचे होते. हॉलमध्ये पहिल्यांदा खरं हसू आलं ते या सात ठिकाणी. आणि प्रत्येक हसण्याच्या शेवटी कोणीतरी एक माणूस हसायचा थांबत होता. तिबुर्सियो चॉकलेटचा पेला हातात धरून पेर्ला मॅडमकडे बघत होता. मॅडम त्याच्याकडे बघत नव्हत्या. तेवढ्यानं सगळं कळलं.

कागद संपला. ओब्दुलिया, जिला प्रत्येक वहीत शेवटची सही लागते, तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, "मास्तर, सातच झाले. आठवा कोण?"

"ते मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "मॅडमना असेल."

बेर्लांगा साहेबांनी सगळ्यांना सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि ही आपली मौखिक परंपरा फार समृद्ध आहे असं सांगितलं. शनिवार-रविवार लोक आपापल्या मेलेल्यांकडे गेले. सात जण आधी एका वकिलाकडे गेले, मग मेलेल्यांकडे.

सोमवारी दार लागलं, पाण्याचे ग्लास पुढे झाले, पेन पुढे झालं. सातांतल्या एकानंही सही केली नाही. त्यांना त्यांच्या हक्काचं द्यावं लागलं, सगळं. क्लेओफासबाईंनी जाताना मास्तरांच्या टेबलाखालचा चौकोन दोनदा पुसला.

अकरा वाजता मास्तरांना बोलावलं. त्यांनीही सही केली नाही. त्यांच्या पत्रावर लिहिलं होतं, कंपनीच्या संस्कृतीला अनुरूप नाही. तारीख तीन नोव्हेंबर, सगळ्यांच्या पत्रांवर होती तीच. मास्तरांनी पत्राची घडी घातली आणि पेर्ला मॅडमना विचारलं की काढायच्यांच्या यादीत माझं नाव आधीपासून होतं, की शुक्रवारी दुपारी एकनंतर घातलं?

मॅडम म्हणाल्या, ती माहिती गोपनीय आहे. मग दार बंद आहे ना ते पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, मी पुस्तिकेतून त्यांची नावं वाईट हेतूनं नव्हती काढली हो. जाणाऱ्या माणसावर हसायचं कसं?"

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर कळलं."

आता ते सेरो दे लास काम्पानासच्या टेकडीजवळच्या एका जुन्या इमारतीत लिफ्ट सांभाळतात. सात मजले, एकच लिफ्ट, आमच्याच कंपनीची. ती अडकली की लोक लाल बटण दाबत नाहीत. पायऱ्यांवरून मास्तरांना हाक मारतात. आमच्याकडे त्यांच्या फोनवर आता ध्वनिमुद्रित बाई आहे. तिला लोकांच्या भावना समजतात. मागच्या महिन्यात एक म्हातारा दीड तास तिच्याशी भांडत बसला होता.

पेर्ला मॅडमच्या दारावरची पाटी अजून पिवळी आहे. गेल्या वर्षी सणाला त्यांनी मास्तरांकडे पाव पाठवला, आजचा. मास्तरांनी दाबून पाहिला आणि खाल्ला, पण पावाबरोबर त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

ते उत्तर त्यांना हवं आहे, कारण ते स्वतःची कालावेरिता लिहायला बसले आहेत. पहिल्यांदाच. आता ते लिहिणारे राहिलेले नाहीत, तेव्हा मारून घ्यायला हरकत नाही, असं म्हणतात. तीन ओळी झाल्या आहेत. हडकुळी त्यांच्या टेबलाशी येते, फोन वाजतो, ती म्हणते आधी तो घ्या, कोणीतरी अडकलंय. चौथी ओळ तिथेच थांबली आहे. काढायच्यांच्या यादीत नाव आधीच असलं, तर त्या दुपारी त्यांनी काहीच गमावलं नाही, आणि मग ती ओळ विनोदी होते. नंतर घातलं असेल, तर तीन वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं दिली, आणि मग तिला वेगळं यमक लागतं.

मी अजून तिथेच काम करते. काढायच्यांची ती जुनी यादी कधीतरी माझ्यासमोर येईल असं त्यांना वाटतं. दर नोव्हेंबरात, सण संपला की त्यांचा फोन येतो. खुशाली विचारत नाहीत, आवाजात चढउतार नाही, जणू मीच कुठल्यातरी मजल्यावर अडकले आहे.

"काय इंजिनियरबाई, लागला का पत्ता? शुक्रवारच्या आधी, की नंतर?"